दुसरा पेला

ज्यांना ही गोष्ट बनावट वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. मी वाद घालणार नाही. ज्या घरात ती घडली ते घर आगरला अजून उभं आहे. आणि जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मावशी आत्ता, हे लिहीत असताना, आमच्या तलासरीच्या घरात आतल्या खोलीत गाढ झोपली आहे.

ही रात्रीची गोष्ट नाही. अंधार नव्हता. वारा सुटला नव्हता. कुत्री रडत नव्हती.

२०१९ चा मार्च. डहाणूजवळचं आगर. भर दुपार.

चिकूच्या वाडीतली दुपार ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक आहे. झाडं इतकी दाट, की ऊन जमिनीवर पैशापैशाएवढं पडतं. समुद्र जवळ असूनही त्याचा आवाज येईनासा होतो. एखादा पिकला चिकू पाल्यावर पडतो... थप्.

मग पुन्हा काही नाही.

चंपामावशी त्या घरात लग्न होऊन गेली तेव्हा विशीत होती. आता केस पिकले. शेवटची वर्षं गेली सासऱ्यांच्या दुखण्यात. सदूभाऊ म्हणायचे सगळे त्यांना. २०१४ च्या निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगितली, तसं त्यांनीही आपलं जुनं रिव्हॉल्वर नेऊन दिलं. ते परत मिळायच्या आतच त्यांचं उजवं अंग गेलं. वाचाही अर्धी गेली.

जयवंतकाकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, खाटेच्या लोखंडी दांड्याला सायकलची घंटी बसवून दिली. म्हातारा डाव्या अंगठ्याने ती दाबायचा.

टर्रिंग...

"आले हं, भाऊ."

चार वर्षं हेच. उष्टं काढ, कूस बदल, अंग पूस. आणि भर दुपारी, सगळं घर जेवून आडवं झालं, की न चुकता घंटी. पाणी हवं असायचं. पण एक पेला नाही, दोन. एक ते प्यायचे. दुसरा त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटासमोर जमिनीवर ठेवायला लावायचे. ठेवला नाही तर डोळ्यांनी ठेव ठेव करत राहायचे.

कपाटात काय, तर ठाण्यातून परत आलेलं ते रिव्हॉल्वर, कुलपात.

मावशीने कधी विचारलं नाही. दुखण्यातल्या माणसाचे शंभर हट्ट, त्यातला एक. संध्याकाळी ती तो पेला तुळशीत ओतायची.

कधी कधी ओतायला काही उरलेलं नसायचं.

ऊन फार आहे, ती म्हणायची. आणि पेला घासून पालथा घालायची.

कामाच्या नादात ती एक ओवी गुणगुणायची, तिच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची.

*दारी आला वाटसरू, त्याला देते थंड पाणी*
*नाव नको विचारू गं, दमला गं माझ्यावाणी*

२०१८ ची दिवाळी झाली आणि सदूभाऊ गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. कपाटाकडे हात केला.

"ते... चंपाला." बऱ्याच वेळाने पुढचे शब्द आले. "चंपा... सांभाळील."

खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षं सुनेने केलं, त्याची म्हाताऱ्याने जाण ठेवली, असंच सगळे म्हणाले. जयवंतकाका तेवढ्यातही बोलले, "पाटल्या द्यायच्या सोडून बापाने हिला पिस्तूल दिलं. आता मी भांडायचं कुणाच्या जोरावर?"

मावशी हसली नाही. तिला खरंच भरून आलं होतं. त्या घरात तिच्या एकटीच्या नावाचं असं काहीच नव्हतं. हे पहिलं.

तेराव्याला तिने घंटीचा स्क्रू काढला, घंटी टेबलाच्या खणात टाकली आणि खाट देऊन टाकली.

तिने काय करायचं ते ठरवून ठेवलं होतं. रिव्हॉल्वर विकायचं. आलेल्या पैशात घरात एक बाई ठेवायची, सैपाकपाण्याला. आणि आपण तलासरीला बहिणीकडे जाऊन झोपायचं. बस्स. नुसतं झोपायचं. कुणी हाक मारणार नाही अशा घरात.

"महिनाभर मला उठवू नका," ती माझ्या आईला फोनवर सांगायची. "जेवायलासुद्धा नाही."

वारसाचे कागद व्हायला मार्च उजाडला. पुन्हा निवडणूक तोंडावर आली होती. आचारसंहिता लागली, की हत्यार परत ठाण्यात, म्हणजे पुन्हा किती महिने गेले कोण जाणे. त्यामुळे घाई होती. घोलवडला कुणाच्यातरी बंदुका बघायला मुंबईहून एक परवान्याचा व्यापारी आला होता, केकीशेठ नावाचा म्हातारा पारशी. जयवंतकाकांनी त्याला चहाला बोलावून आणला.

केकीशेठने रिव्हॉल्वर रुमालावर घेतलं. उघडून रिकामं असल्याची खात्री केली. मग चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ नुसता बघत राहिला.

"माल अस्सल आहे," तो म्हणाला. "वेब्ली. बत्तीस बोर. खानदानी बाई आहे ही. पण हिला बँडवाल्याचा कोट कोणी घातला रे?"

"म्हणजे?"

"हे निकेल. ही आधी काळसर निळी होती. कोणीतरी वर चकचकीत निकेल चढवलं."

"ते पहिल्या मालकाने," जयवंतकाका म्हणाले. "घोलवडचाच इराणी होता. खारी हवा, गंजू नये म्हणून."

"गंजली असती तरी चाललं असतं, बावा! जुनी वस्तू म्हातारी झालेली चालते. नटवलेली चालत नाही. आधीच्या मालकाने जितका हात लावला, तितकी किंमत उतरली, असा हिशेब आहे आमचा." त्याने बोट खाली सरकवलं. "इथे दोरी अडकवायची कडी होती. ती कापली. हे कोणी?"

"भाऊंनीच. खिशात अडकायची म्हणून."

"निकेल आता निघणार नाही. काढायला गेलं तर आणखी वाटोळं. कडीपण गेली ती गेली. पण हे..." त्याने मूठ वर धरली आणि त्याचा चेहरा आंबट झाला. "हे काय आहे?"

मुठीच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या होत्या. ओबडधोबड, विळ्याने तासल्यासारख्या. हाताच्या तेलाने काळवंडलेल्या.

"इथे कंपनीच्या काळ्या फळ्या असतात, चौकड्यांच्या नक्षीच्या. कोणी गाढवाने हे सरपण ठोकलंय? सगळी शोभा घालवून टाकली. त्या मूळ फळ्या घरात कुठे असल्या तर शोध, बाई. एकच स्क्रू आहे. बाकी कशाला हात लावू नको, तेवढं बदल. किंमत कुठल्याकुठे जाईल. मी परवा घोलवडहून निघतो, जाताना घेऊन जातो."

फळ्या सापडल्या. सदूभाऊंच्या दाढीच्या पेटीत, तळाला, फडक्यात गुंडाळलेल्या. कोऱ्याच्या कोऱ्या.

मावशीला इतका आनंद झाला, की ती तिथेच ओटीवर मांडी घालून बसली. छोट्या पेचकसाने स्क्रू सोडवला. लाकडी फळ्या हातात आल्या.

आणि तिचा हात थांबला...

फळ्यांच्या आतल्या बाजूला शेंदूर होता. वर्षानुवर्षं बंद होता, तरी बोटाला लागला. ओला असावा तसा.

शेंदराखाली काहीतरी कोरलेलं होतं. एका फळीवर सूर्य आणि चंद्र. दुसरीवर एक माणूस. नुसत्या रेघांचा. हात पुढे केलेला.

ओंजळ धरल्यासारखा.

मावशीला जरा कसंसंच झालं. शेंदूर लागलेली वस्तू उकिरड्यावर कशी टाकायची? संध्याकाळी समुद्रात सोडून येऊ, असं म्हणून तिने त्या फळ्या मागीलदारी बंबाशेजारी ठेवल्या, नारळाच्या करवंट्यांच्या ढिगावर. नव्या, म्हणजे खऱ्या जुन्या, फळ्या बसवल्या. रिव्हॉल्वर एकदम देखणं दिसायला लागलं.

संध्याकाळी गुडघे दुखले. उद्या जाऊ, ती म्हणाली.

सकाळी अर्ध्या झोपेत तिने बंब पेटवला. चार वर्षांची झोप डोळ्यांवर होती. हात आपोआप चालत होते. ओंजळ भरून करवंट्या उचलल्या आणि आत सारल्या.

आंघोळीला गेलेले जयवंतकाका ओरडले, "चंपे, बंब पेटवलास का नुसता धूर केलास? पाणी बर्फ आहे!"

ती मागीलदारी आली. बंबात जाळ चांगला धडाडत होता. तिने नळाखाली हात धरला.

गार. विहिरीच्या तळाचं असावं तसं गार.

तेव्हा तिने करवंट्यांच्या ढिगाकडे पाहिलं. वर ठेवलेल्या फळ्या तिथे नव्हत्या.

त्या दुपारी जेवणं झाली. काका पंपाकडे गेले. मावशी घरात एकटी पडली होती. वाडीत चिकू पडला... थप्.

मग...

टर्रिंग.

"आले हं, भाऊ," ती म्हणाली. उठलीसुद्धा. माठातून पाणी घेतलं. खोलीच्या दारापर्यंत गेली.

खोली रिकामी होती. खाट नव्हती. खाटेच्या पायांचे चार डाग तेवढे फरशीवर होते.

मग तिला आठवलं, घंटी तर टेबलाच्या खणात आहे.

तिने खण उघडला. घंटी तिथेच होती. हात लावला तर ती अजून थरथरत होती...

रस्त्याने कुणाची सायकल गेली असेल. आपला भास असेल. झोप झाली नाही की असं होतं. तिने स्वतःला सगळं समजावलं. पेला हातातच होता. परत माठात कशाला ओतायचा, म्हणून टेबलावर ठेवला आणि जाऊन पडली.

संध्याकाळी पेला रिकामा होता.

ठरल्याप्रमाणे केकीशेठ आला. मूठ बघून त्याने मावशीला चक्क नमस्कार केला. कागदपत्रं झाली, मनासारखी किंमत मिळाली, रिव्हॉल्वर गेलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मावशीने मोठा श्वास सोडला. गेलं एकदाचं. आता काही असलं तरी त्याच्याबरोबर गेलं.

दुसऱ्या दुपारी...

टर्रिंग.

तिने घंटी नेऊन काकांच्या हातात दिली. काकांनी ती विहिरीत टाकली.

त्यापुढच्या दुपारी पुन्हा. तिथूनच. रिकाम्या खोलीतून.

ती उठली नाही. कानांवर उशी दाबून पडून राहिली. घंटी वाजत राहिली नाही, एकदाच वाजली. पण त्यानंतर घरात एक वाट बघणं सुरू झालं. ते सांगता येत नाही, असं ती म्हणते. दारात कुणी उभं असलं, की पाठीला कळतं ना, तसं. कुणी रागावत नव्हतं. कुणी ढकलत नव्हतं. नुसतं कुणीतरी थांबलेलं होतं, तहानेलं.

अर्ध्या तासाने तीच उठली आणि पाणी ठेवून आली.

वाडीत चिकू काढायला गंजाडहून नवशी यायची. म्हातारी, वारली बाई, मावशीच्या लग्नाआधीपासून तिथे कामाला. एका दुपारी ती मागच्या पायरीवर भाकरी खात होती आणि आतून घंटी वाजली. नवशीचा घास हातातच राहिला.

मावशी पेला घेऊन खोलीत गेली, ठेवून परत आली. नवशी तिच्याकडे बघत होती.

"बाय, ती लाकडाची मूठ कुठं हाय?"

मावशीने बंबाकडे पाहिलं. नवशी समजली.

"जाळलीस?"

"चुकून गं. करवंट्यांबरोबर गेली. तुला कशी ठाऊक ती मूठ?"

नवशीने भाकरी फडक्यात बांधली. मग जे बोलली ते अगदी साध्या आवाजात, चिकूचा भाव सांगावा तसं.

तिचा बाप सुक्या याच वाडीत राखणीला होता. चिकूची झाडं तेव्हा डोक्याएवढी होती. एका भर दुपारी तो ओटीपाशी पाणी मागायला आला. सदूभाऊ ओटीवर बसून नवं घेतलेलं रिव्हॉल्वर पुसत होते.

"चुकून सुटली म्हणतात. मी लहान होते. मला काय ठाव. पाणी पोचलाच नाय त्याच्यापर्यंत."

"मग?"

"आमच्यात असा कोणी गेला, का भगत त्याला लाकडात बसवतो. उभा करतो पाड्यावर. तुझा सासरा आला रडत. म्हणला, पाड्यावर नको, माझ्याकडंच राहू दे. मी त्याला पाणी चुकवणार नाय. भगताने त्या लाकडाचा तुकडा दिला. तो त्याने मुठीला लावला. ज्याने मारला त्याच्यातच बसवला, का परत कोणावर उठू नये."

मावशीला फक्त एकच सुचलं. "आता काय करायचं गं?"

"मला इचारतेस?" नवशी उठली. जाता जाता थांबली. "तो आता बसाचा कुठं, बाय?"

तरी नवशीनेच पुढे सगळं केलं. गंजाडच्या भगताला सांगून नवं लाकूड कोरून घेतलं. सूर्य, चंद्र, माणूस. शेंदूर, नारळ, जे लागतं ते सगळं. भर दुपारी पाड्यावर सुक्याला नाव घेऊन बोलावलं. मावशी तिथे हात जोडून उभी होती. काका घर राखायला आगरलाच थांबले होते. या सगळ्याला ते हसायचे.

मावशी घरी परतली तर काका ओटीवर बसलेले, चेहरा पांढरा.

"वाजली," ते म्हणाले. "मी पाणी ठेवलं. घेतलं नाही."

पेला तसाच काठोकाठ भरलेला होता. मावशीने तो उचलला, पाणी बदललं आणि परत ठेवला. मान वळवेपर्यंत निम्मा झाला होता.

नवशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमचं नाय ऐकत तो. चार वर्षं तुझ्या हातचा पिला."

मे महिन्यात मावशी आमच्याकडे तलासरीला आली. हे काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. ती फक्त खूप दमलेली दिसत होती. आईने पडदे ओढले, मोबाइल बंद केला. "आता झोप बाई मनसोक्त."

पहिल्याच दुपारी मी भांडी घासत होते.

टर्रिंग...

आमच्या घरात सायकल नाही. शेजाऱ्यांकडेही नाही. मी हात पुसत आतल्या खोलीच्या दाराशी गेले. मावशी बिछान्यातून उठत होती. डोळे मिटलेलेच.

"आले हं," ती म्हणाली.

तिने दोन पेले भरले. एक प्यायली. दुसरा भिंतीपाशी ठेवला, पदराने पाण्याचे थेंब टिपले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी तिने मला हे सगळं सांगितलं. रडली नाही. रडायलाही ताकद लागते.

"मयूरी, मला वाटलं होतं भाऊंनी मला वस्तू दिली," ती म्हणाली. "त्यांनी मला माणूस दिला होता गं."

ती परत आगरला गेलीच नाही. काका येऊन जाऊन असतात. जिथे असेल तिथे पाणी द्यावं लागतं, मग निदान इथे सैपाक तरी करावा लागत नाही, असं म्हणते.

आता गणपती होऊन गेलेत. काल मावशीला ताप भरला. अंगाची नुसती लाही. आई दवाखान्यातून गोळ्या आणायला गेली होती. दुपारी घंटी वाजली तेव्हा मावशीने उठायचा प्रयत्न केला. कोपरावर आली आणि परत पडली.

वाट बघणं सुरू झालं. मला ते पाठीत कळलं.

"मयू," ती म्हणाली, "आजच्या दिवस तू ठेवतेस का? तुझ्या हातचं घेणार नाही तो. पण ठेव."

तिची ती दशा बघवत नव्हती. मी माठातून पाणी घेतलं. भिंतीपाशी वाकले. काय बोलायचं सुचेना, म्हणून आजीची ओवी पुटपुटले... दमला गं माझ्यावाणी.

पेला जमिनीला टेकायच्या आधीच माझ्या हातात हलका झाला.

मावशी ते बघत होती. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली. मग ती भीतीही थकली आणि डोळे मिटले.

ताप उतरला. त्यानंतर ती झोपते आहे. खरंच झोपते आहे, लहान मुलीसारखी, तोंड उघडं टाकून. आई म्हणते, बघ, औषध लागू पडलं. माझ्या मावशीला इतक्या वर्षांनी झोप लागली याचा मला आनंद व्हायला हवा. होतोही.

पण आज दुपारी घंटी वाजली तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते.

मावशी हललीसुद्धा नाही. तिला ऐकूच आलं नाही.

मी उठले.